पारख्याचे दात

दिवेआगर,
ता. २० जुलै १९३२

चिरंजीव धर्माजी, तुझ्या दाजींचे आशीर्वाद घे आणि हे पत्र एकटा असताना वाच.

इकडे आगबोट बंद आहे आणि म्हसळ्यावरून टपाल येतं ते लगदा होऊन येतं. तरी लिहितो, कारण काम नाजूक आहे. तुझ्या पोटात काही राहत नाही हे मला तुझ्या बहिणीशी लग्न झाल्यापासून ठाऊक आहे, पण मुंबईत माझं दुसरं कोण आहे?

बोर्लीला माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत. नाव सांगत नाही. भला, मानाचा माणूस. त्यांची वरची दातांची ओळ गेली. वयानं नाही, कष्टानं गेली. गेल्या थंडीपासून ते मिशा वाढवून आणि तोंडाला पंचा लावून दिवस काढताहेत. बोलणं जवळजवळ सोडलंय. लोकांना वाटतं, गृहस्थ फार विचारी झाले. परवा गावकीत बांधावरून तंटा झाला, तर हे नुसती मान हलवत बसले आणि त्यांच्या मानेप्रमाणे निकाल लागला. पण मान हलवून किती दिवस निभावणार?

मुंबईत दात बसवून मिळतात म्हणे. किती तऱ्हा आहेत, टिकाऊ कोणते, चारचौघांच्या डोळ्यांवर न येणारे कोणते, ते हिंडून बघ आणि कळव. मुख्य म्हणजे त्या दातांनी कडक जिन्नस फुटला पाहिजे. समज, सुपारी. हे आपलं उदाहरणादाखल. आणि दिवाळीच्या पाडव्याच्या आत काम व्हायला हवं. का ते विचारू नकोस, गृहस्थांनी मलाही सांगितलेलं नाही.

तुझी बहीण खुशाल आहे.

भागोजी


माझगाव, मुंबई,
ता. २ ऑगस्ट १९३२

दाजी, आधी पायांवर डोकं ठेवतो, कारण पुढं थोडी थट्टा येणार आहे.

बोर्लीचे गृहस्थ कोण, यावर मी पुष्कळ डोकं खाजवलं. तुमचेच दात गेले की काय, असाही वाईट विचार मनात आला. पण मी मशीद बंदरच्या सुपारीच्या वखारीत मुकादम. दिवेआगरची गोणी उघडली की शेठजी पहिलं विचारतात, भागोजी पारख्याच्या दाताखालून गेलेला माल का? पाडव्याला देवळापुढं पाटावर बसायचं, पावसाळाभर माळ्यावर राहिलेल्या ढिगातली एक सुपारी उचलायची, दाढेखाली फोडायची आणि नुसत्या आवाजावरून माल कोरडा की दमट ते सांगायचं. वाडीवाल्यानं आणि व्यापाऱ्यानं मुकाट ऐकायचं. ज्याच्या दातांवर अख्ख्या गावाचा भाव ठरतो, तो माणूस दातांची चौकशी कशाला करील?

मग एकदम उलगडा झाला. दाजी, हे दात तुम्ही माझ्या सगुणाबायसाठी करताय. बायकोच्या तोंडासाठी हौस करतो हे मेहुण्याला लिहायची लाज वाटली, म्हणून बोर्लीचा गृहस्थ उभा केलात. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. बाय लहानपणी माझ्या खिशातले खारे शेंगदाणे चोरून खायची आणि वर मलाच विचारायची, संपवलेस का रे? तिच्या तोंडात दात नाहीत, हे मला कल्पनेतसुद्धा बघवत नाही. तुमच्याबद्दलचा आदर दुणावला.

आता चौकशी. फोर्टात एका पारशी डॉक्टरकडे गेलो. खुर्ची अशी वरखाली होते की माणूस दात काढायला बसला की गादीवर, ते कळत नाही. तो लाल रबराचा टाळू करतो आणि त्यावर चिनी मातीचे दात बसवतो. त्याला कवळी म्हणतात. घालावी, काढावी, झोपताना वाटीभर पाण्यात ठेवावी. दिसायला अस्सल. पण माणूस समोर हवा, चार खेपा हव्यात. पुढं एक चिनी दातवाला आहे. तो सोन्याची टोपणं चढवून देतो, तासाभरात मोकळा. मात्र आजूबाजूचे दात धड असतील त्यालाच ते सोनं धरतं, आणि हसलं की गल्लीच्या टोकाला दिसतं. आमच्या चाळीतला सोनार हस्तिदंताचे कोरून तारेनं बांधून देतो. हस्तिदंत म्हणतो खरा, पण हत्ती कुणी पाहिलाय, वास तरी मला हाडाचा आला.

सगळ्यात स्वस्त भेंडीबाजारच्या फुटपाथवर. एक जण परातीत तयार कवळ्या मांडून बसतो. गिऱ्हाईक एक उचलतं, घालून बघतं, नाही जमली तर मगात बुचकळून परत ठेवतं. पुढचं गिऱ्हाईक तीच उचलतं. मी उभं राहून पाहिलं आणि त्या दिवशी जेवलो नाही.

बायला काय आवडेल ते कळवा.

तुमचा धर्माजी


दिवेआगर,
ता. १४ ऑगस्ट १९३२

चिरंजीव धर्माजी,

तू ओळखलंस. तुझ्यापुढं काही लपत नाही. होय, तुझ्या बहिणीसाठीच. पण तिला यातलं काही ठाऊक नाही आणि कळताही कामा नये. तिला अचानक द्यायचे आहेत.

तू पाठवलेल्या तऱ्हांचा मी नीट विचार केला. परातीतल्या कवळ्यांचं पुन्हा नाव काढू नकोस. हाडाचे दात चालायचे नाहीत. हाड तोंडात धरून देवळापुढं पाटावर बसायचं म्हणजे काय? तुझी बहीण देवळात जाते, त्या अर्थानं लिहिलं. सोनंही नको. मिशीखालून जरा चमकलं की झालं, गावभर बोभाटा. बायकांना मिशा नसतात हे मला कळतं, लिहिण्याच्या भरात गेलं. राहता राहिली रबराची कवळी. ती बरी वाटते. पण तिनं सुपारी फुटेल का, हे तू कळवलंच नाहीस. तुझी बहीण सुपारी फोडत नाही हे खरं, पण उद्या फोडाविशी वाटली तर?

तिला मुंबईस पाठवणं जमायचं नाही. घर कोण बघेल? ती गेली तर मला कण्हेरी कोण करून घालील? माझं पोट थंडीपासून बिघडलेलं आहे, मला मऊ भातच लागतो. बाकी तुझी बहीण खरी गुणाची. मी मऊ खातो म्हणून तीही मऊच खाते, भाकरीला शिवत नाही. अशी साथ फार थोड्यांना मिळते.

दुसरं असं की आमचा पुतण्या सदा बिघडलाय. मुंबईहून पितळी अडकित्ता आणलाय. सुपारी मधोमध कापतो, आतला रंग लोकांना दाखवतो आणि म्हणतो, काका, चावायचं कशाला, हे बघा उघडं आहे. चार पिढ्या आमच्या घराण्यानं हा पाट दातांवर राखला. यंदा पाडव्याला मी सुपारी फोडली नाही तर पाटावर सदा बसेल आणि मी दिवेआगरात तोंड दाखवायचा नाही. याचा दातांच्या विषयाशी काही संबंध नाही, सहज लिहिलं.

भागोजी


माझगाव,
ता. २३ ऑगस्ट १९३२

दाजी, नमस्कार.

मिशीचं वाचून मी इतका हसलो की शेजारी विचारायला आले.

काम जमलंय. फोर्टातल्या डॉक्टरकडे पेद्रू नावाचा वसईचा कारागीर आहे. तो आपल्या घरीही कवळ्या करतो आणि माणूस न बघता नुसत्या ठशावरून करतो. हिरडीचा ठसा मात्र चोख पाहिजे. त्यासाठी मेण कोमट करायचं, त्याची वडी तोंडात घालून वर टाळूला घट्ट दाबायची, जरा थांबायचं आणि न मोडता काढायची. डबीत घालून आगबोटीनं पाठवा. नारळी पौर्णिमा झाली, आता दिघीला बोट लागू लागलीच असेल. आपला बोर्लीचा सिराजुद्दीन त्या बोटीवर सुकाणी आहे, त्याच्या हाती दिलंत तर माझ्या हाती येईल.

सुपारीचं पेद्रूला विचारलं. तो म्हणाला, भाकरी चालेल, शेंगदाणे चालतील, सुपारी फोडायची असेल तर फोडा, मला दुसऱ्या कवळीचं काम मिळेल.

ही पुढची ओळ दात आले की बायला वाचून दाखवा. बाय, दाजी तुझ्यासाठी दात करवताहेत. आपल्या गावात कुणा नवऱ्यानं असं केलेलं मी ऐकलं नाही. आता पदराआड हसू नकोस.

धर्माजी


दिवेआगर,
ता. ६ सप्टेंबर १९३२

चिरंजीव धर्माजी,

गणपती बसले. सोबत डबी पाठवली आहे. तू मेण सांगितलंस, पण मधमाश्यांचं उष्टं तोंडात कोण घालील? मी युक्ती काढली. घरात मोदकांची उकड चालली होती. चांगली मळलेली, तेलपाण्याचा हात लावलेली उकड मेणापेक्षा मऊ असते आणि देवाला चालते ती माणसाला का चालू नये? त्यातली एक गोळी घेतली, थापली आणि तोंडात... म्हणजे तुझ्या बहिणीच्या तोंडात दिली. ठसा असा उमटला की बघत राहावं. तिनं काही विचारलं नाही. मी म्हटलं ही देवाची एक रीत आहे.

ठसा फळीवर ठेवला होता. सकाळी सिराजुद्दीन न्यायला आला तेव्हा तुझ्या बहिणीनंच तो ओल्या हळदीच्या पानात गुंडाळून डबीत भरला. सिराजुद्दीनला प्रसाद म्हणून सांगितलं आहे. तूही तेच सांग.

भागोजी


माझगाव,
ता. २८ सप्टेंबर १९३२

दाजी,

कवळी तयार. सिराजुद्दीनच्या हाती देतोय. पाण्याची वाटी, झोपताना काढणं, सगळं त्याच्याकडून समजून घ्या, मी त्याला पढवलंय. आता त्याला सगळं कळलंच आहे, कारण वाटेत मुंग्या लागल्या म्हणून त्यानं डबी उघडली होती. धक्क्यावर मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, ‘धर्माजी, तुमच्या दाजींनी मोदक चावून पाठवलाय. घरात काही कमी-जास्त आहे का?’ मग सांगावंच लागलं. फिकीर नको, तो सांगतो, वहिनींचे दात म्हणजे आमच्या घरातली गोष्ट. तुमच्याबद्दल त्यालाही फार कौतुक वाटलं.

पेद्रूनं उकडीचा ठसा पहिल्यांदाच पाहिला. हसला, वास घेतला, आणि म्हणाला की मेणाहून साफ उठलाय. त्यानं फार जीव लावून काम केलं आहे. दात बघून मला बायचं लहानपणीचं तोंड आठवलं.

ती कशी दिसते, काय म्हणाली, सगळं लिहा. मी वाट बघतोय.

धर्माजी


दिवेआगर,
ता. १२ ऑक्टोबर १९३२

धर्माजी,

तुझ्या पेद्रूला माझा निरोप दे की तू सुतारकी कर, दातांच्या नादी लागू नकोस. कवळी लहान झाली! दसऱ्याला दार लावून घातली, तर पुढून अडते, मागून उचलते, टाळूला टेकतच नाही. जोर करून बसवली तर मिशीत अडकते. मग निघेना. अर्धा तास घाम फुटला. बाहेर सदा सोनं द्यायला येऊन उभा, हाका मारतोय, आणि मी आत तोंडात बोटं घालून दातओठ खातोय, म्हणजे खायचा प्रयत्न करतोय. शेवटी आपट्याचं पान खिडकीतूनच घेतलं.

तुझ्या बहिणीला बसत नाही, एवढाच मथितार्थ. पाडवा तोंडावर आलाय. पेद्रूला विचार, ताणून मोठी होते का.

भागोजी


माझगाव,
ता. १९ ऑक्टोबर १९३२

दाजी,

पेद्रूकडे दोनदा गेलो. तो चिडला. ठशावरचा साचा त्यानं जपून ठेवलाय, तो माझ्यासमोर टेबलावर ठेवला. म्हणतो, ही लहान जिवणी आहे, बाईमाणसाची आहे, आणि माझी कवळी तिला बसली नाही तर मी धंदा सोडीन. रबर ताणत नाही, ते भाजून पक्कं केलेलं असतं.

एक विचारतो, रागावू नका. बायला ती स्वतःच्या हातानं घालू दिलीत का? आणि मिशीत अडकते असं तुम्ही लिहिलंय. दाजी, आमच्या बायला मिशी कधी आली?

तुमच्या उत्तराची वाट बघतो. भाऊबीजेला यायचं म्हणत होतो, पण वखारीत सुट्टी नाही. बायला सांगा, ओवाळणी माझ्याकडे राहिली.

धर्माजी


दिवेआगर,
ता. ३ नोव्हेंबर १९३२

चिरंजीव धर्माजीस अनेक आशीर्वाद.

आता लपवायचं कारण उरलं नाही, म्हणून सांगतो. दात माझेच गेले होते. तुझ्या बहिणीचं नाव पुढं केलं, कारण तू बसतोस सुपारीवाल्यांत. एक शब्द सांडला असतास तर मशीद बंदरात माझी शोभा झाली असती. तुझ्या जागी दुसरा कुणी असता तरी मी हेच केलं असतं. आता ऐक, पाडव्याला काय झालं.

पाटावर जाऊन बसलो. समोर बोर्लीचे जलीलशेठ, माल घेणारे. बाजूला वाडीवाले. सदा अडकित्ता उघडून तयार. मी एक सुपारी उचलली, कपाळाला लावली आणि गालात धरली. फोडणार कशानं? नुसती धरून बसलो, डोळे मिटून. तोंडात सुपारी, त्यामुळे बोलता येईना. काढली तर मान गेला, म्हणून काढताही येईना. सगळे आवाजाची वाट बघताहेत. मी मनातल्या मनात देवाला म्हणत होतो की मला इथंच उचल.

आणि मग जलीलशेठच बोलले. त्यांना वाटलं, माल इतका उंची आहे की मला शब्द सुचत नाहीत. त्यांनी आपणहून भाव चढवला. वाडीवाल्यांना वाटलं, मला खोट सापडली आहे आणि मी भिडेखातर गप्प आहे. ते उतरायला तयार झाले. दोघं एकमेकांकडे सरकत सरकत मध्ये आले आणि सौदा झाला. मी डोळे उघडले, सुपारी काढली, अख्खी, आणि ढिगावर ठेवली. लोक ती अख्खी सुपारी हातात घेऊन एकमेकांना दाखवू लागले. जलीलशेठ म्हणाले, ‘भागोजीभाऊंना आता फोडावीही लागत नाही.’ सदा माझ्या पाया पडला, धर्माजी. अडकित्ता तिथंच विसरून गेला.

सांगायचं तात्पर्य, दात असताना मला जो मान मिळाला नाही तो नसताना मिळाला. आता ते उपद्व्याप नकोत. तुझी ती कवळी तुझ्या बहिणीला देऊन टाकली. म्हटलं, घे, डबी मिश्री ठेवायला होईल. बाई आहे, लहानसहान गोष्टींत आनंद मानते.

पेद्रूला सांग, राग सोड. चुका होतात माणसांच्या.

भागोजी


दिवेआगर,
ता. १२ नोव्हेंबर १९३२

धर्मा,

मी सगुणा. ह्या घरात आल्यापासून पेन्सिल हातात धरली न्हवती, म्हणून अक्षर वेडंवाकडं हाय. तिसरी यत्ता शिकलेली बाई वाचते, हे ह्यांच्या ध्यानातूनच गेलंय. तुझी पत्रं वाचून फळीवरच्या पेटीत ठेवतात. मी फळी पुसते.

तुझं पत्र आलं तेव्हाच मी वाचलं. दाजी तुझ्यासाठी दात करवताहेत. धर्मा, ती ओळ मी किती वेळा वाचली म्हणून सांगू. चुलीपाशी बसून रडले. मला वाटलं, ह्यांना कळलंय. पंधरा-सतरा वर्षं झाली असतील, पहिला दात थोरल्या पोरीच्या, गोदूच्या बाळंतपणात गेला. मधलं पोर राहिलं न्हाय, दात मात्र दोन गेले. मग एकेक करून सगळी वरची ओळ. मी पदराआड हसते, बाईमाणसानं तसंच हसावं असं ह्यांना वाटत आलंय. मी मऊ भात खाते, ते ह्यांच्या सोबतीनं खाते असं वाटतं. व्हय, सोबतच. ह्यांच्याआधी कितीतरी वर्षं मी एकटी सोबत करत होते.

मग ठसा घ्यायची वेळ आली. मी उकड मळत होते. हे आले, गोळी उचलली, पाठ फिरवली आणि आपल्याच तोंडात घातली. तेव्हा सगळं कळलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. राग आला त्याहून जास्त वाईट वाटलं. मी उकड मळत राहिले. ठसा फळीवर ठेवून हे आरतीला गेले.

सकाळी बघते तर ठसा उंदरानं खाल्लेला. उंदरानंच खाल्ला असं मी म्हणते, उंदीर काही पत्र लिहून न्हाय म्हणायला येत न्हाय. अंगणात सिराजुद्दीनभाई उभे, बोट सुटायची वेळ. ह्यांना सांगितलं असतं तर सणासुदीला घर डोक्यावर घेतलं असतं. परातीत उकड उरली होती. मी एक गोळी थापली, तोंडात घातली, घट्ट दाबली आणि पानात गुंडाळून दिली. ह्यांनीच तुला लिहिलं होतं ना, बायकोसाठी करतो म्हणून? नवऱ्याचा शब्द मी खोटा कसा पडू देऊ? आणि एक मनात आलं ते सांगते. ह्या घरात पाट ह्यांच्या मापाचा, ताट ह्यांच्या मापाचं, मीठ-मिरचीसुद्धा ह्यांच्या जिभेच्या मापाची. म्हटलं, एक जिन्नस माझ्या मापाचा होऊ दे.

पाडव्याचा पराक्रम करून आल्यावर ह्यांनी डबी माझ्यापुढं टाकली. मी दात धुऊन ठेवले आणि परवा ह्यांच्यासमोरच तोंडात घातले. जागच्या जागी बसले, धर्मा. पेद्रूला सांग, त्याचा धंदा सोडू नको. मग तव्यावरची नाचणीची भाकरी घेतली, वर सुक्या बोंबलाची चटणी, आणि सावकाश चावून चावून खाल्ली. आवाज येत होता. हे बघत राहिले. मग म्हणाले, ‘तुझे दात कधी गेले?’

मी भाकरी संपवली आणि मग सांगितलं. गोदूच्या वेळी एक, मधल्या पोराच्या वेळी दोन, असं पहिल्यापासून. हे ऐकत होते आणि तोंड उघडं राहिलं होतं. वर्षभरात पहिल्यांदा त्यावर पंचा धरायचं विसरले. मग उठून ओटीवर जाऊन बसले. गावातली चार माणसं आली, त्यांनी ह्यांना गप्प बघितलं आणि अदबीनं लांब बसली. काहीतरी थोर विचार चाललाय असं त्यांना वाटलं असणार.

कालपासून विचारताहेत, पेद्रू अजून एक कवळी करील का. मी म्हटलं, विचारते. ठशाचं ह्यांना सांगू नकोस. पेद्रूचीच चूक असू दे, त्याला काय फरक पडतो.

तुझी भाऊबीज मला पोचली, तोंडातच बसलीय. पुढच्या खेपेला येशील तेव्हा माझ्यासाठी खारे शेंगदाणे आण, पिशवीभर आण. ह्यांच्यासाठी नानकटाई आण, चहात बुडवून खातील.

तुझी बाय
सगुणा